प्रभागाची रेषा आपल्या दारातून जाते: हरकत, मतदार यादी आणि पुढची पाच वर्षं

महापालिकेची निवडणूक मतदानाच्या दिवशी होते, असं आपण धरून चालतो. इच्छुक उमेदवाराला विचारा. त्याची निवडणूक प्रारूप प्रभाग रचना, म्हणजे प्रभागांच्या सीमांचा कच्चा आराखडा, जाहीर होते त्याच संध्याकाळी सुरू होते. नकाशा हातात पडला की तो तीनच गोष्टी बघतो: आपली वस्ती आपल्याकडे राहिली का, नाल्यापलीकडच्या नको त्या सोसायट्या आपल्यात आल्या का, आणि समोरच्याचा बालेकिल्ला फुटला का. मतदार हे सगळं बघतो ते तीन-चार महिन्यांनी, मतदानाची स्लिप दारात आल्यावर. तोवर हरकतीची मुदत संपून गेलेली असते.

हा लेख त्या मतदारासाठी आहे. पक्षाचा पदाधिकारी नसलेल्या, पण चार शेजारी गोळा करू शकणाऱ्या माणसाला काय काय करता येतं, ते क्रमाने सांगतो. तपशील महाराष्ट्रातल्या महापालिकांचे आहेत. नगरपरिषदेत आणि जिल्हा परिषदेच्या गट-गणांतही कामाची रीत बरीचशी अशीच असते, अधिकारी आणि कायदा मात्र वेगळा.

खेळ कुठे होतो

मतदारसंघाची रेषा सोयीने वाकवण्याची कला जुनी आहे. १८१२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या कायद्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने त्याला नखं-पंख लावून सॅलॅमँडर केला. गेरी अधिक सॅलॅमँडर, म्हणून 'गेरीमँडर'. तिथे आजही बहुतेक राज्यांत विधिमंडळात बसलेलेच लोक मतदारसंघ आखतात.

आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभेच्या रेषा स्वतंत्र परिसीमन आयोग आखतो. सध्याचे ४८ आणि २८८ मतदारसंघ २००१ च्या जनगणनेवर आखले गेले आणि २००८ पासून लागू आहेत. त्या कामावरही आक्षेप होते, पण पेन्सिल सत्ताधारी पक्षाच्या हातात नव्हती.

महापालिकेत तसं नाही. आधी प्रभाग रचना राज्य निवडणूक आयोग करायचा. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून हा अधिकार राज्य सरकारकडे घेतला. निमित्त ओबीसी आरक्षणाच्या पेचाचं होतं, आणि सगळ्याच पक्षांना तेव्हा वेळ हवा होता. आता आराखडा महापालिका आयुक्त तयार करतात, तो नगरविकास विभागामार्फत पुढे जातो आणि आयोग त्याला मान्यता देतो.

प्रभागात नगरसेवक किती, हेही सरकारागणिक बदलत आलं आहे. मुंबई सोडून इतर महापालिकांत २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. महाविकास आघाडीने आधी एक सदस्याचा कायदा केला, मग २०२१ मध्ये तीनवर आली. पुढच्या सरकारने पुन्हा चार केले. मुंबईत प्रभाग २२७ चे २३६ झाले आणि सत्ता बदलताच ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा २२७. त्याविरुद्धची याचिका २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळली. प्रत्येक वेळी कारण लोकहिताचंच दिलं गेलं. म्हणून माझा पहिला सल्ला असा की पक्ष बघू नका, पेन्सिल कोणाच्या हातात आहे ते बघा. आज तुमच्या आवडत्या पक्षाने केलेली सोय उद्या दुसऱ्याच्या कामी येते.

रेषेचे मुख्य डाव दोन. पहिला म्हणजे वस्ती फोडणे. दहा हजारांची एकजिनसी वस्ती तीन प्रभागांत वाटली की ती कुठेच निर्णायक राहत नाही. दुसरा म्हणजे कोंबणे. विरोधकाला मानणारे सगळे भाग एकाच प्रभागात ढकलायचे, त्याला तिथे प्रचंड मताधिक्याने निवडून येऊ द्यायचं आणि आजूबाजूचे तीन प्रभाग आपण घ्यायचे.

याशिवाय आपल्या मातीतले दोन डाव आहेत, त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. एक, आरक्षण डोळ्यांसमोर ठेवून रेषा ओढणे. अनुसूचित जातींच्या जागा त्या समाजाच्या लोकसंख्येच्या प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने ठरतात. म्हणजे एखादी वस्ती इकडची तिकडे केली की कोणता प्रभाग राखीव होणार तेही सरकतं, आणि एखाद्या बड्या नगरसेवकाची जागा सुरक्षित राहते किंवा जाते. सोडत महिला आरक्षणाची असो की ओबीसींची, चिठ्ठी सगळ्यांसमोर निघते. तिच्या आधीचं गणित मात्र बंद खोलीत झालेलं असतं. दुसरा डाव प्रभागाच्या आकाराचा. चार सदस्यांच्या प्रभागात पायी प्रचार करणारा अपक्ष पोहोचतच नाही; पॅनेल, गाड्या आणि पैसा लागतो. यात रेषा कितीही सरळ असली तरी फायदा मोठ्या पक्षांनाच होतो.

आधी आकडेमोड

प्रारूप जाहीर झालं की नकाशाकडे नंतर वळा, आधी लोकसंख्येचा तक्ता काढा. रचना जनगणनेच्या लोकसंख्येवर होते आणि २०२५ च्या रचनेलाही आधार २०११ चाच होता. नियम सोपा आहे: शहराची लोकसंख्या भागिले नगरसेवकांची संख्या, म्हणजे एका नगरसेवकामागची सरासरी. प्रभागात जितके नगरसेवक, तितक्या पट ही सरासरी धरायची; प्रभागाची लोकसंख्या तिच्या दहा टक्के वर किंवा खाली चालते.

मुंबईचं उदाहरण घ्या, तिथे प्रभागात एकच नगरसेवक. २०११ ची लोकसंख्या १,२४,४२,३७३, प्रभाग २२७. सरासरी ५४,८१२. म्हणजे ४९,३३१ ते ६०,२९३ यांच्यात बसणारा कोणताही प्रभाग नियमात आहे. वरच्या आणि खालच्या टोकात जवळपास अकरा हजारांचा फरक आहे, आणि सगळी कलाकारी या अकरा हजारांत चालते. प्रभाग नियमात बसतो म्हणून तो निर्दोष असं समजू नका. एका बाजूचे सगळे प्रभाग वरच्या टोकाला आणि दुसऱ्या बाजूचे सगळे खालच्या टोकाला असतील, तर तिथे थांबून बघायला हवं.

बाहेरच्या उपनगरांतले लोक इथे हमखास चिडतात. २०११ नंतर तिथे टॉवरच्या टॉवर उभे राहिले, मतदार दुप्पट झाले, पण कागदावर प्रभाग 'सरासरी'तच. राग रास्त आहे. पण निव्वळ मतदारसंख्येवर हरकत उभी करू नका, ती एका ओळीत निकाली निघते: 'रचना २०११ च्या जनगणनेनुसार आहे.' मुद्दा नोंदवा जरूर, भार मात्र नियमभंगावर ठेवा.

तक्त्यातलं सर्वात लहान एकक म्हणजे प्रगणक गट. जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाला दिलेली साधारण सहाशे-आठशे माणसांची हद्द. प्रभाग या गटांच्या विटांनी रचला जातो आणि शक्यतो गट फोडायचा नसतो. कोणता गट कोणत्या प्रभागात गेला आणि त्याची लोकसंख्या किती, हा तक्ता निवडणूक विभागात असतो. तो पाहायला मागा. 'साहेब नाहीत' म्हणाले तर लेखी मागा आणि पोच घ्या. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात आणि हरकतीची मुदत त्याहून कमी असते, त्यामुळे त्या वाटेने कागद वेळेत येणार नाहीत.

मग पायी फिरा

प्रत्येक प्रभागाची व्याप्ती आणि उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चतुःसीमा शब्दांत दिलेल्या असतात: 'अमुक चौकापासून तमुक रस्त्याने पूर्वेस नाल्यापर्यंत, तेथून नाल्याने दक्षिणेस…' तो कागद हातात धरून प्रत्यक्ष चाला. मोबाइलवरच्या नकाशात न दिसणाऱ्या गोष्टी पायाखाली कळतात.

मार्गदर्शक तत्त्वांनुसार सीमा नदी, नाला, डोंगर, मोठा रस्ता, रेल्वेमार्ग, उड्डाणपूल अशा ठळक खुणांवरून जायला हवी. इमारत, चाळ दोन प्रभागांत तुटता कामा नये. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो फोडायच्या नाहीत. प्रभागांना क्रमांक देताना उत्तरेकडून सुरुवात करून नागमोडी दक्षिणेकडे उतरायचं असतं. आता बघा: सीमा मोठा रस्ता धरून नीट चालली होती आणि अचानक एका बोळात वळून, तीन इमारती पोटात घेऊन, परत रस्त्यावर आली. का? उत्तर नेहमीच काळंबेरं नसतं. कधी प्रगणक गटाची हद्दच तशी असते. पण तक्ता बघितल्यावर तसं नसेल, तर ते वळण कोणासाठी तरी घेतलेलं आहे. त्या जागेचा फोटो काढा, फोटोत रस्त्याच्या नावाची पाटी येऊ द्या.

रेल्वे ओलांडून गेलेला प्रभाग हा माझ्या मते सर्वात सोपा सापळा आणि सर्वात चांगला मुद्दा. रुळांपलीकडच्या लोकांचा बाजार वेगळा, शाळा वेगळ्या, पाण्याची लाइन वेगळी. भुयारी मार्ग एक किलोमीटरवर असेल तर ते अंतर मोजून हरकतीत लिहा.

हरकत लिहिणे

हरकतींचा ढीग कधी बघितलात तर लक्षात येईल की निम्म्याहून जास्त कागद एकाच साच्याचे असतात: 'सदर रचना राजकीय हेतूने प्रेरित असून ती रद्द करावी.' खाली सह्या. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावर करण्यासारखं काहीच नसतं. हेतू त्याला तपासता येत नाही आणि सगळी रचना रद्द करणं त्याच्या हातात नसतं. त्याला करता येण्याजोगी एकच गोष्ट असते: अमुक गट इकडून काढून तिकडे टाकणे. तेवढीच मागा, आणि ती केल्यावर दोन्ही प्रभाग नियमात राहतात हे तुम्हीच करून दाखवा.

समजा एका शहराची लोकसंख्या ६,००,००० आणि नगरसेवक ८०. सरासरी ७,५००, चार सदस्यांच्या प्रभागाला ३०,०००, मर्यादा २७,००० ते ३३,०००. प्रभाग ७ ची लोकसंख्या ३२,४०० आणि प्रभाग ८ ची २८,१००. एक वस्ती तीन प्रगणक गटांची. दोन गट ७ मध्ये, एक ८ मध्ये टाकलाय. सहज सुचतं ते असं की ८ मधला ६४० लोकसंख्येचा गट ७ मध्ये आणा. आणलात तर ७ होतो ३३,०४०, म्हणजे मर्यादेबाहेर, आणि हरकत तिथेच संपली. उलट करा. ७ मधले दोन गट, ६१० आणि ५८० चे, ८ मध्ये न्या. ७ होतो ३१,२१०, ८ होतो २९,२९०. वस्ती एकत्र आली, दोन्ही प्रभाग सरासरीच्या जवळ सरकले आणि तिसऱ्या प्रभागाला धक्का लागला नाही. अर्जाचा मसुदा मग असा:

'विषय: प्रारूप प्रभाग रचनेतील प्रभाग क्र. ७ व ८ बाबत हरकत व सूचना. महोदय, सदर प्रारूपात आमची वस्ती दोन प्रभागांत विभागली गेली आहे. वस्तीतील बहुसंख्य रहिवासी अनुसूचित जातींचे असून अशा वस्त्या शक्यतो विभागू नयेत, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. तसेच प्रभाग ७ ची पूर्व सीमा मुख्य रस्ता सोडून अंतर्गत गल्लीतून नेली आहे (छायाचित्र १ व २). सूचना: प्रगणक गट क्र. ….. (लोकसंख्या ६१०) व क्र. ….. (लोकसंख्या ५८०) प्रभाग ७ मधून वगळून प्रभाग ८ मध्ये समाविष्ट करावेत. बदलानंतर प्रभाग ७ ची लोकसंख्या ३१,२१० व प्रभाग ८ ची २९,२९० होईल. दोन्ही विहित मर्यादेत आहेत. अन्य कोणत्याही प्रभागावर परिणाम होत नाही. सुनावणीस समक्ष उपस्थित राहण्याची संधी मिळावी.'

एवढंच. एका अर्जात एकच बदल मागा. पाच ठिकाणी गडबड असेल तर पाच अर्ज करा. सोबत नकाशाची झेरॉक्स जोडा, त्यावर सध्याची सीमा एका रंगात, सुचवलेली दुसऱ्या रंगात. एकाच मजकुरावर पाचशे जणांनी वेगवेगळे अर्ज देण्यापेक्षा वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या दहा जणांनी आपापल्या अनुभवाचे दहा अर्ज दिलेले बरे; एकसारखे अर्ज एकत्रच निकाली काढले जातात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या किंवा निवडणूक विभागात, पण दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सुनावणीच्या दिवशी

दिवसाला शेकडो हरकती ऐकायच्या असतात, त्यामुळे तुमच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतील. हॉलमध्ये माजी नगरसेवक समर्थकांसह आलेले असतात, आवाज चढलेले असतात. तुम्ही एकाने बोला. पहिलं वाक्य हरकत क्रमांक, दुसरं नियम, तिसरं आकडे, मग रंगवलेला नकाशा टेबलावर. कोणत्याही पक्षाचं किंवा नेत्याचं नाव तोंडातून जाऊ देऊ नका. ते निघालं की तुमचा मुद्दा राजकीय ठरतो आणि समोरच्या अधिकाऱ्याची सुटका होते.

घरी आल्यावर काय बोललात ते तारखेसह लिहून आयोगाला आणि महापालिकेला ईमेल करा. अंतिम रचनेत तुमचा बदल नसेल तर मग माहिती अधिकाराचा अर्ज: 'माझ्या हरकतीवरील अभिप्राय व शिफारशीची प्रत द्यावी.' शुल्क दहा रुपये. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, हे विसरल्याने बरेच अर्ज परत येतात. उत्तर आलं नाही तर वीस रुपये भरून पहिलं अपील.

न्यायालय कधी

राज्यघटनेच्या २४३ झेडजी कलमामुळे प्रभागांच्या सीमांना न्यायालयं सहसा हात लावत नाहीत, आणि निवडणूक जाहीर झाल्यावर तर नाहीच. निकालानंतर निवडणूक याचिका करता येते, पण तिची मुदत अगदी दिवसांत मोजण्याइतकी असते. म्हणून जायचं तर निवडणूक कार्यक्रम जाहीर होण्याआधी जायचं, आणि 'रेषा मला पटत नाही' म्हणून नव्हे, तर 'कायद्याने जे करायलाच हवं होतं ते केलेलं नाही' म्हणून.

गोव्यात हेच झालं. २०२१ च्या नगरपालिका निवडणुकांसाठी प्रभागांचं जे आरक्षण काढलं, त्यात मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे इथे महिलांसाठी घटनेने सांगितलेल्या एक तृतीयांश जागा भरत नव्हत्या. नागरिक उच्च न्यायालयात गेले आणि १ मार्चला त्या पाच पालिकांचं आरक्षण रद्द झालं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तर १२ मार्चला तिथे निकाल तर कायम राहिलाच, वर आणखी एक गोष्ट निघाली. गोव्याच्या राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार सरकारच्याच कायदा सचिवांकडे होता. सरकारी पगारावर असलेला अधिकारी निवडणूक आयुक्त असू शकत नाही, हे न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावलं. महिलांच्या जागा मोजायला बसलेल्या लोकांमुळे देशभरच्या आयोगांच्या स्वातंत्र्याचा निकाल लागला. या निकालाची प्रत प्रत्येक नागरिक गटाच्या फायलीत असावी.

मतदार यादी: रेषेनंतरची दुसरी रेषा

प्रभाग नीट आखले तरी यादी फोडताना माणसं इकडची तिकडे जातात. राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र यादी बनवत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला घेतो आणि ती प्रभागांत विभागतो. २०२५-२६ च्या निवडणुकांसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती. विभागणी करणारा कर्मचारी घर बघत नाही, यादीतला पत्ता बघतो. 'शिवाजी नगर, गल्ली नं. २' अशा पत्त्यावरून कोणती गल्ली कोणत्या प्रभागात, हे तो अंदाजाने ठरवतो. मग अख्खी सोसायटी शेजारच्या प्रभागात सापडते.

इथे दोन वेगळी कामं आहेत, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. नवीन नाव घालणं, पत्ता बदलणं, मयताचं नाव काढणं हे काम विधानसभेच्या यादीत, म्हणजे नमुना ६, ८ आणि ७ भरून, वर्षभर चालतं. ते ठरावीक तारखेच्या आधी झालं तरच महापालिकेला उपयोगी पडतं. प्रभागनिहाय प्रारूप यादी आल्यावर नवीन नाव घालता येत नाही. चुकीच्या प्रभागात पडलेलं नाव योग्य प्रभागात आणता येतं, विधानसभेच्या यादीत असूनही इथे गळालेलं नाव घेता येतं आणि लेखनाच्या चुका सुधारता येतात. प्रारूप यादीच्या खिडकीवर नमुना ६ घेऊन रांगेत उभे राहिलेले लोक दर निवडणुकीला दिसतात.

काम वाटून घ्या. एका इमारतीचं एक माणूस. प्रारूप यादी उतरवून घेतली की त्याने आपल्या इमारतीतली नावं शोधायची आणि तीन रकाने भरायचे: आहे, दुसऱ्या प्रभागात आहे, नाहीच. शेजारच्या दोन प्रभागांच्या याद्याही उघडाव्या लागतात, कारण हरवलेली नावं बहुधा तिथेच असतात. दुबार नावांपुढे २०२५ मध्ये आयोगाने दोन तारे लावले होते. आपल्या नावापुढे तशी खूण असेल तर कोणत्या केंद्रावर मतदान करणार ते आधीच लिहून द्यावं लागतं, नाहीतर मतदानाच्या दिवशी हमीपत्राच्या फेऱ्यात वेळ जातो.

नमुना ७ बद्दल सावध राहा. कोणी तरी तिसऱ्यानेच तुमचं नाव काढण्यासाठी अर्ज केला असेल तर नोटीस यायला हवी. भाड्याच्या घरातल्या, कामासाठी बाहेरगावी असलेल्या माणसांना ती मिळतच नाही. यादीत आपलं नाव आहे का, हे दर दोन-तीन महिन्यांनी बघायची सवय लावा.

मतदान आणि बिनविरोध

चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं द्यायची असतात, आणि चारही दिल्यावरच मतदान पूर्ण होतं. एखाद्या जागेसाठी कोणीच नको असेल तर तिथे 'नोटा'. घाईत दोन बटणं दाबून निघालेल्या आजी-आजोबांना कर्मचारी परत बोलावतात तेव्हा केंद्रावर गोंधळ होतो. घरी कागदावर चार रकाने काढून सराव करून घ्या. स्थानिक निवडणुकीत व्हीव्हीपॅटची चिठ्ठी दिसत नाही, म्हणून सकाळच्या अभिरूप मतदानाला (यंत्र तपासण्यासाठीच्या चाचणी मतदानाला) आणि संध्याकाळी झालेल्या मतांच्या नोंदीवर सही करायला प्रतिनिधी हजर असणं जास्त महत्त्वाचं. मोठ्या पक्षांचे असतातच. तुमच्या अपक्षाकडे माणसं नसतील तर तिथे जाऊन बसा.

१५ जानेवारी २०२६ च्या २९ महापालिकांच्या निवडणुकीत साठहून अधिक नगरसेवक मतदानाआधीच बिनविरोध निवडून आले. महाराष्ट्रात २०१८ पासून स्थानिक निवडणुकीत 'नोटा'ला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक होते, पण बिनविरोधात मतदानच नाही, मग 'नोटा' कुठून येणार? माघारीचा शेवटचा दिवस म्हणूनच धोक्याचा. त्या दिवशी दबाव आल्याचं उमेदवार सांगत असेल तर त्याला एकटं सोडू नका. त्याची तक्रार त्याच दिवशी, लेखी, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे आणि आयोगाकडे गेली पाहिजे. दुसऱ्या दिवशी ती कोणी ऐकत नाही.

मधली पाच वर्षं

राज्यघटनेचं २४३ यू कलम सांगतं की पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये, तीही सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला आदेश दिल्यावर आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ची अखेरची तारीख घालून दिल्यावर. नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार आणि छत्रपती संभाजीनगरात तर २०२० पासून नगरसेवक नव्हते.

या काळात कारभार कसा चालला ते जवळून बघण्यासारखं आहे. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडणारा आणि प्रशासक म्हणून त्याला मंजुरी देणारा अधिकारी एकच. स्थायी समिती नाही, विरोधी पक्षनेता नाही, प्रेक्षक गॅलरी नाही. मुंबईचा २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प असाच मंजूर झाला. लोकशाही अशी थांबते तेव्हा रणगाडे नाहीत, सेन्सॉर नाही, रस्त्यावर काहीच दिसत नाही. गटार तुंबलं तर फोन कुणाला करायचा, एवढाच प्रश्न लोकांना पडला, आणि हळूहळू तोही विचारायचा बंद झाला. 'नगरसेवक नसतानाच कामं बरी होत होती' असं सुशिक्षित माणसं बोलू लागली तेव्हा मला खरी धास्ती वाटली.

सभागृह आता आहे, तर ते वापरा. मुख्य सभेची विषयपत्रिका नगरसचिव कार्यालयातून आधी निघते. ती मागवा, पण नजर शेवटच्या ओळीवर ठेवा: 'आयत्या वेळचे विषय'. आरक्षित भूखंडांचे वापर बदलणं, ठेकेदाराला मुदतवाढ, दीर्घ मुदतीचे करार असे नको तितके महत्त्वाचे विषय याच फटीतून शिरतात आणि गदारोळात दोन मिनिटांत मंजूर होतात. सभेनंतर इतिवृत्ताची प्रत मागा आणि आयत्या वेळी काय काय आलं याची साधी यादी ठेवा. वर्षभराची यादी स्थानिक पत्रकाराच्या हातात दिली तर तिची बातमी होते.

प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी तिथे कार्यकर्त्यांची सोय लावली जाते. तुमच्या भागातल्या संस्थेने अर्ज करावा आणि नाकारला तर कारण लेखी मागावं. मतदारांच्या क्षेत्र सभेची तरतूदही २००९ पासून कायद्यात आहे, ती अमलात आणायला मात्र कोणत्याच पक्षाने घाई केलेली नाही. गावात ग्रामसभा जे करू शकते ते शहरात करायचं तर हाच दरवाजा आहे, आणि नगरसेवकाला निवडणुकीत विचारण्यासारखा याहून चांगला प्रश्न मला सुचत नाही.

पुढच्या रचनेची फाइल आजच

जनगणना २०२७ ची लोकसंख्या मोजणी १ मार्च २०२७ च्या संदर्भ क्षणावर ठरली आहे. तिचे आकडे आले की २०११ चा आधार जाईल आणि प्रभाग मुळापासून नव्याने आखले जातील. तेव्हा वस्तीची ताकद ठरेल ती प्रगणकाने किती डोकी लिहिली त्यावर. वन-रूम किचनमध्ये भाड्याने राहणारी चार मुलं, बांधकामावरची कुटुंबं, कुलूप लावून गावी गेलेले, हे सगळे गळतात. सोसायटीच्या आणि वस्तीच्या फलकावर गणनेच्या तारखा लावा, बंद घरांची यादी करून प्रगणकाला पुन्हा बोलवा.

फायलीत या गोष्टी असू द्या: सध्याच्या अंतिम रचनेचं राजपत्र, आपल्या प्रभागाचा नकाशा, गटनिहाय लोकसंख्येचा तक्ता, मागच्या हरकती आणि त्यांवरचे अभिप्राय, चतुःसीमेचे फोटो, गोव्याचा निकाल. फाइल एकाच्या कपाटात राहू नये. त्याने घर बदललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. स्कॅन करून तिघांकडे ठेवा, आणि त्यातला एक तरी वयाने तिशीच्या आतला असू द्या.